कपड्यांचा दगड

आमच्या झऱ्यावर एक दगड आहे. सपाट, पाठ टेकायला काही नसलेला, दुपारी तव्यासारखा तापणारा. त्याला सगळे कपड्यांचा दगड म्हणतात. सुट्टीच्या दिवशी घरोघरचे पुरुष आणि पोरं पाण्यात उतरायची आणि प्रत्येक घरातली एक बाई त्या दगडावर बसून त्यांचे कपडे, घड्याळं, चपला राखायची. कुणापासून राखायची, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या आजोबांची विजार चोरून नेणारा माणूस त्या विजारीचं पुढे काय करणार होता, हेही कुणी सांगत नाही. पण बाई बसायची. माणसं कुडकुडत बाहेर आली की ज्याचं गाठोडं त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "बघून घ्या, सगळं आहे." त्यांनी काही बघून घेतलेलं मला तरी आठवत नाही.

आमच्या घरातून त्या दगडावर बसायची ती माझी आत्या. सात वर्षांची असल्यापासून.

झरा डोंगराच्या पायथ्याशी आहे. खडकाच्या बुडातून पाणी वर येतं, बारा महिने गार, आणि इतकं नितळ की तळाचा खडा उचलावासा वाटतो. हात घातला की कळतं, तळ पुरुषभर खाली आहे. अलीकडे पायऱ्या आणि उथळ पाणी, मग दोर, दोराच्या पलीकडे निळा डोह आणि डोहापलीकडे खडकाची कपार. पोहायला येणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्या कपारीला हात लावून आलेला. आत्या सोडून. कारण ती पहिल्यांदा तिथे आली त्या दिवशी आजोबांनी तिच्या मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं आणि हिला दगडावर बसवलं. ही डोळे फाडून पाण्याकडे बघत बसली, तर आजोबा ओरडले, "पाण्याकडे काय बघतेस? कपड्यांकडे बघ!"

त्या संध्याकाळी घरी जाताना बाबा तिला म्हणाले, "रडू नकोस. मला नीट आलं की तुला मी शिकवीन."

बाबांना एका उन्हाळ्यात नीट यायला लागलं. इतकं नीट, की पुढे ते त्याच झऱ्याचे रखवालदार झाले. पिवळा बनियन, गळ्यात शिट्टी, खांद्यावर ट्रकच्या टायरची ट्यूब. निम्मं शहर त्यांच्या तळहातावर पोट टेकून पोहायला शिकलंय. कारकून, न्हावी, डॉक्टर, डॉक्टरांची मुलं. बहिणीला शिकवायचं मात्र राहून गेलं. बायकोलाही, आणि मलाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात मीटर लावून होता.

आत्या छत्र्या दुरुस्त करते. दुकान एवढंच, की मधे उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वर छताला गिऱ्हाइकांच्या छत्र्या टांगलेल्या, कोपऱ्यात मोडक्या काड्यांचा भारा, आणि खिडकीशी तिचं पायाचं शिलाई मशीन. गिऱ्हाईक आलं की आधी छत्रीची तपासणी होते, मग गिऱ्हाइकाची. "वाऱ्यानं मोडली" असं कुणी म्हणून बघावं. "वाऱ्यानं? काठी म्हणून टेकायची, कुत्री हाकलायची, बस थांबवायची, आणि नाव वाऱ्याचं! तुमच्यापेक्षा वारा बरा."

तिचं लग्न झालं होतं. नवरा लवकर गेला. मेला नाही, गेला. त्याविषयी ती एकच वाक्य बोलते, "जाताना छत्री विसरला होता, ती मी विकली." दुकानाच्या माडीवर तिची खोली आहे आणि सुट्टीचं जेवण आमच्याकडे. त्या जेवणातच हे सगळं सुरू झालं.

झऱ्याच्या समितीने नवा नियम केला होता. ज्याला डोहात जायचं त्याने रखवालदारासमोर परीक्षा द्यायची: पलीकडच्या कपारीला हात लावून, मधे कसलाही आधार न घेता परत यायचं. पास झाला तर लाल टोपी. टोपी नसेल तर दोराच्या अलीकडे. बाबा मोठ्या तोऱ्यात नियम समजावून सांगत होते, कारण परीक्षक तेच.

"आणि बायका?" आत्याने विचारलं.

"बायकांचा प्रश्न येतोच कुठे? त्या दगडावर असतात."

"तसं नियमात आहे?"

"नियमात कशाला घालायचं? सूर्य पूर्वेला उगवतो, हे काय कुणी लिहून ठेवतं?"

"मग मी टोपी घेणार," आत्या म्हणाली आणि तिने स्वतःच्या ताटात भात वाढून घेतला.

आम्ही हसलो. सगळे हसलो, मीही. बाबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "अगं, पोहता कुठे येतं तुला?"

"तू शिकवणार होतास."

ठसका जागच्या जागी थांबला. आईने उगाचच भांडी आवरायला घेतली. बाबांचा चेहरा पडला, पण माणूस चुकला की आवाज चढवतो, तसा त्यांनी चढवला. "हे काय वय आहे? पन्नाशी उलटली तुझी. पोहणं नुसतं बघून येत नसतं. उद्या तिथे गटांगळ्या खाल्ल्यास तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. रखवालदाराची सख्खी बहीण बुडाली म्हणून!"

"म्हणजे मी बुडायची भीती नाही. तुझी शोभा होईल याची भीती," असं म्हणून आत्याने जेवण पूर्ण केलं. अन्नावर राग काढायचा नाही, हा तिचा नियम.

बाबांची सुट्टी असते त्या दिवशी झरा सफाईसाठी बंद असतो. पायऱ्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासायला एक बाई येते. धिप्पाड, दणदणीत आवाजाची; तिला सगळे शेवाळवालीच म्हणतात. तिला उत्तम पोहता येतं. कसं आलं असं मी विचारलं, तर म्हणाली, "पाय घसरला की येतंच. नाही आलं तर दुसरी बाई ठेवतात." आत्याने तिच्याशी सौदा केला: तू मला पोहायला शिकव, मी तुला छत्रीच्या कापडाचा असा ॲप्रन शिवून देते की कंबरभर पाण्यात उभी राहिलीस तरी पोट कोरडं राहील.

पहिल्या दिवशी आत्या मलाही घेऊन गेली. टॉवेल धरायला. म्हणजे कपडे राखायलाच. मी तसं बोलूनही दाखवलं. "मग तूही उतर की," ती म्हणाली. मी पाण्यात बोट घातलं आणि टॉवेल धरणं पसंत केलं.

पोहायचा पोशाख तिने स्वतः शिवला होता. काळ्या छत्रीच्या कापडाचा, मानेपासून घोट्यापर्यंत. दुहेरी शिवण, दोऱ्याला मेण, आणि गळ्याला, मनगटांना, घोट्यांना घट्ट इलॅस्टिक. "पाण्याचा थेंब जाणार नाही आत," ती अभिमानाने म्हणाली. तिच्या हातच्या कामाबद्दल शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. थेंब खरंच गेला नाही. पण आतली हवाही बाहेर गेली नाही. आत्याने पायरीवरून पाय सोडला, सगळी हवा विजारीत धावली आणि आत्या उलटी झाली. डोकं खाली, आणि पाण्यावर दोन काळेभोर फुगे, त्यांच्या टोकाला एकेक पाऊल. शेवाळवालीने ब्रश फेकला आणि घोट्याला धरून तिला ओढून काढलं.

नाकातोंडातून पाणी ओकून झाल्यावर आत्या पायरीवर बसली. मला वाटलं, संपलं. पण ती स्वतःच्या पोटऱ्यांवरचे फुगे दाबून बघत होती आणि हळूहळू हसायला लागली होती.

"जन्मभर पाणी बाहेर ठेवायचा धंदा केला," ती म्हणाली. "पाण्यात उतरायच्या कपड्यालाही तेच केलं. अक्कल बघ माझी!"

त्या रात्री तिने सगळी इलॅस्टिकं उसवली. कापडाला रांगेने भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात पितळी रिंग बसवली, ताडपत्रीला असतात तशी. पाणी आत येऊ दे आणि जाऊ दे बाहेर. पुढच्या वेळी ती उतरली तेव्हा सगळ्या रिंगांतून बुडबुड्यांच्या माळा वर आल्या आणि ती सरळ राहिली.

मग ती शिकायला लागली. सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पाणी गिळलं, पाय आखडले, नाकात झोंबलं. मशीनने पाय आणि पकडीने खांदे दणकट झालेले, पण ती पाण्याला मारत सुटायची. शेवाळवाली पायरीवरून ओरडायची, "अगं बाई, भांडू नकोस त्याच्याशी! ते तुझं गिऱ्हाईक नाही!" आणि दर वेळी शेवटी तेच सांगायची, "दमलीस की उताणी हो. हातपाय सोड, आभाळ बघ. पाणी धरतं." हे उताणं होणंच आत्याला सगळ्यात जड गेलं. कुणी आपल्याला धरेल यावर विश्वास ठेवायची सवय तिला राहिली नव्हती. ज्या दिवशी ती खरोखर हातपाय सोडून पडली, त्या दिवशी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पाण्याकडेच बघत राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "एवढंच होतं? एवढ्यासाठी मला बसवून ठेवलं?" आणि तिचे डोळे भरून आले. मला तिचं रडणं नवीन होतं. त्या दिवशी मला आजोबांचाही राग आला आणि बाबांचाही, आणि तो मी घरी नेला.

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली आत्या नव्हती. ओला पोशाख ती दुकानाच्या दारातच वाळत घालायची, छत्र्यांच्या रांगेत. येणारे-जाणारे विचारायचे, "ही कसली छत्री म्हणायची?" ती सुईतून मान वर न करता सांगायची, "बाईची."

म्हणजे बाबांना माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण त्यांनी विषय काढला नाही, आणि हिनेही नाही.

मग सगळ्यांच्या सुट्टीचा दिवस आला. झऱ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पायऱ्या भरलेल्या, दगड भरलेला, दोराच्या अलीकडे पोरांचा कालवा, आणि पलीकडे लाल टोप्यांची मिरवणूक. मी आणि आई दगडावर होतो. आत्या वर लांब झगा घालून आली, ती दगडाकडे न येता थेट बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. मागे समितीचा फलक होता. तिने चष्मा लावला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"डोहात उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने..." ती थांबली. "प्रत्येकाने. काय रे दादा, मी 'प्रत्येक'मध्ये येते की नाही?"

"घरी बोलू," बाबा दातांतून म्हणाले.

"घरी बोलून झालं. पोहायचं इथे आहे."

लोक जमायला लागले. कुणीतरी म्हणालं, "घ्या की परीक्षा, बघू तर!" दुसरा म्हणाला, "वारा आला तर उडून जाईल हो छत्री!" त्या हशाने बाबांचे कान लाल झाले. इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर स्वतःचाच फलक पाठीशी उभा, हो म्हणावं तर बहीण. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, पण मी जवळ गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

"एकदाच. मला पाण्यात उतरावं लागलं तर नापास. मग पुन्हा हा विषय नाही. आयुष्यात नाही. गपचूप दगडावर बसायचं."

"कबूल," आत्या म्हणाली.

तिने झगा उतरवला. आतला काळा पोशाख आणि त्यावरच्या पितळी रिंगा उन्हात चमकल्या, आणि हसणारे आणखी हसले. तिने झग्याची घडी केली. त्यावर चष्मा, दुकानाच्या किल्ल्या, रुमाल. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "तू नाही. तो." सगळं गाठोडं तिने बाबांच्या हातात दिलं आणि वर चपला ठेवल्या.

"मी रखवालदार आहे," बाबा म्हणाले.

"मग राख," आत्या म्हणाली आणि दोराखालून पलीकडे गेली.

जाताना ती छान गेली. शेवाळवालीने शिकवल्यासारखी, न भांडता. डोहाच्या मधोमध तिचं डोकं एवढंसं दिसत होतं. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. कपारीपाशी पोचल्यावर तिने खडकावर अशी थाप मारली, की ती आम्हाला इकडे ऐकू आली. लहानपणापासून दुसऱ्यांना मारताना बघितलेली थाप ती. पायऱ्यांच्या टोकाशी ब्रश घेऊन उभी असलेली शेवाळवाली ओरडली, "शाब्बास गं!"

परत येताना मात्र बिघडलं. ती अर्ध्यावर आली आणि हात तोकडे पडायला लागले. पाणी मारायला लागली, पहिल्या दिवसांसारखी. एकदा डोकं खाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं. दगडावरून धावत आलेल्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. बाबा पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आले होते. गाठोडं तसंच काखेत, शिट्टी तोंडात, पण वाजवायचंही सुचत नव्हतं. त्यांनी बूट काढून फेकले. त्यांच्या चेहऱ्यावर शोभा व्हायची भीती नव्हती हो, हे मी कबूल करते. तिथे दुसरीच भीती होती, सख्ख्या भावाची.

तेवढ्यात आत्या उलटली. पाठीवर. हात पसरलेले, काहीच हालचाल नाही.

"गेली!" कुणीतरी किंचाळलं. बाबांनी एक पाय पाण्यात टाकला, गुडघ्यापर्यंत.

आणि डोहाच्या मधून, आभाळाकडे तोंड करून पडलेल्या त्या बाईचा दुकानात गिऱ्हाइकाला झापतानाचा आवाज आला. "आत यायचं नाही! माझ्याकडे काय बघतोस? कपड्यांकडे बघ!"

बाबा जागीच थिजले. एक पाय पाण्यात, एक पायरीवर, काखेत बहिणीचा झगा. वाक्य कुणाचं होतं ते त्या गर्दीत फक्त त्यांना आणि तिला कळलं असणार. मला ते आत्याने सांगितलेलं होतं म्हणून कळलं. क्षणभर वाटलं, ते उडी मारणार. मग त्यांनी पाय मागे घेतला.

आत्या निवांत पडून राहिली. आम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवून तिने पोटभर आभाळ बघून घेतलं. तिचा श्वास खालीवर होताना रिंगा चमकत होत्या. मग ती वळली, सावकाश हात टाकत आली, दोराखालून आली, आणि पायऱ्या चढून बाबांसमोर उभी राहिली. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, आणि मान ताठ.

बाबा खुर्चीकडे वळले. त्यांनी खुर्चीवरची एक लाल टोपी उचलली, गाठोड्यावर ठेवली आणि सगळं तिच्यासमोर धरलं.

"बघून घे," ते म्हणाले. "सगळं आहे."

आत्याने खरोखर बघून घेतलं. घाई न करता. झगा उलगडून पाहिला, रुमाल झटकला, किल्ल्या वाजवून पाहिल्या, चष्मा लावून चपलांचे तळवे तपासले. बाबा हात पसरून उभे. सगळं शहर बघत होतं. मग तिने टोपी उचलून ओल्या केसांवर चढवली आणि माझ्याकडे वळली.

"आणि तू इथे कशाला उभी? उतर."

"तिला येत नाही," बाबा पटकन म्हणाले.

"मग शिकव. तुझं शिकवायचं राहिलंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग अगदी सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "आणि कपडे?"

आत्याने त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि लांबूनच दगडावर भिरकावलं. मी घड्याळ काढलं आणि तिकडेच ठेवलं. आईही पुढे आली. फक्त पाय भिजवते म्हणाली. पाणी भयंकर गार होतं. मी किंचाळले, तेवढ्यात पोटाखाली बाबांचा तळहात आला, रुंद.

आमचे कपडे दगडावर एकटेच पडून होते. कुणी नेले नाहीत.